‘हेल्थ को-ऑर्डिनेटर’ झाले, तर नर्सिंगची नोंदणी सोडून देऊ का?

प्रश्न: मी आठ वर्षं वॉर्डात काम केलं. गेली सहा वर्षं एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात एकटीच नर्स आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. नोंदणीच्या नूतनीकरणाला सात महिने राहिलेत. हॉस्पिटलातल्या मैत्रिणी म्हणतात, “तू आता पेशंट बघतेस कुठे? तुझे तास कोण धरणार?” आता मलाही तसंच वाटायला लागलंय. ट्रेनिंगची सर्टिफिकेटं ड्रॉवरमध्ये कोंबलेली आहेत, कुठलं कधीचं ते आठवत नाही. नूतनीकरणासाठी स्वतःच्या कामावर लिहा म्हणतात, पण मी काय लिहू? आणि सही कोण करणार? माझा साहेब एचआरचा माणूस. त्यात कंपनी म्हणते, ‘हेल्थ को-ऑर्डिनेटर’ हे पद घ्या, पगार थोडा जास्त आहे आणि नोंदणीची अट नाही. मग एवढा व्याप कशासाठी? सोडून देऊ का?

उत्तर:

सिस्टर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडू नका. पद हवं असेल तर घ्या, पण नोंदणी ठेवूनच घ्या. कारण सांगते.

तुमच्या केंद्रात एक कपाट आहे. त्यात कामगारांच्या आरोग्याच्या फायली आहेत आणि चावी तुमच्याकडे आहे. कधी ना कधी एखादा सुपरवायझर दारात उभा राहिलाच असेल, “सिस्टर, त्याला नक्की झालंय काय? गोळ्या कसल्या घेतो?” म्हणत. आणि तुम्ही सांगितलं असेल, “चार आठवडे उंचीवरचं काम देऊ नका, एवढंच मला सांगता येईल.” हे उत्तर तुम्ही नोंदणीकृत परिचारिका म्हणून देता. नोकरी कंपनीची असली तरी तुमची व्यावसायिक जबाबदारी तुमच्या परिषदेपाशी, म्हणजे नोंदणी देणाऱ्या नर्सिंग काउन्सिलपाशी, आणि त्या कामगारापाशी असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा व्यावसायिक आरोग्य सेवांबद्दलचा, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या आरोग्य सेवांबद्दलचा, १९८५ चा करार, क्रमांक १६१, हेच सांगतो. ही सेवा देणाऱ्यांना मालकापासून आणि कामगारांपासूनही पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावं, आणि कामगार गैरहजर का राहिला याची शहानिशा करण्याचं काम मालकाने त्यांच्या गळ्यात घालू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. व्यावसायिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची आचारसंहिताही त्याच बाजूने उभी आहे. मालकाला कळवायचं ते कामासाठीची पात्रता आणि लागणारी बंधनं, निदान नाही.

उद्या तुम्ही नुसत्या को-ऑर्डिनेटर झालात, तर कपाट तेच राहील आणि सुपरवायझरही तोच राहील. माहितीच्या गोपनीयतेचा सर्वसाधारण कायदा असेलच, पण “माझी परिषद मला हे करू देत नाही” हे वाक्य तुमच्याकडे उरणार नाही. कारखान्यात एकट्या काम करणाऱ्या नर्ससाठी ते वाक्य फार मोलाचं असतं. ते वापरायची वेळ सहसा वरच्या माणसासमोर येते.

दुसरं असं की परतीची वाट सोपी नसते. नोंदणी चालू असताना नूतनीकरण म्हणजे थोडी कागदपत्रं. ती बंद पडून काही वर्षं गेली, की बऱ्याच परिषदा पुन्हा प्रशिक्षण, परीक्षा किंवा देखरेखीखालचं काम मागतात. आज पगारात पडणारा फरक त्या वेळच्या मनस्तापासमोर किती टिकेल, याचा विचार तुम्हीच करा.

आता तुमच्या मैत्रिणींचं. त्यांना दुखवायचं नाही, पण हा गैरसमज फार जुना आहे आणि तो आपल्यातल्याच लोकांनी जपलाय. खाट असेल तरच नर्सिंग, असं कुठल्याही गंभीर परिषदेचं म्हणणं नसतं. तुम्ही कोणत्या देशात काम करता ते पत्रात नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणचे नियम शेजारी ठेवते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलने २०१६ पासून जी पद्धत आणली, तिला ‘रिव्हॅलिडेशन’ म्हणतात. तीन वर्षांत ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण, त्यातले किमान २० तास इतरांबरोबर बसून केलेले. ऑस्ट्रेलियात पाच वर्षांत ४५० तास काम आणि दरवर्षी २० तास शिक्षण. भारतात पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी निरंतर नर्सिंग शिक्षणाचे १५० तास. आकडे वेगवेगळे आहेत, पण विचारायचं तेच असतं: तुम्ही अजून या कामात आहात का, आणि शिकताय का?

४५० तास म्हणजे किती, ते मोजा. आठवड्याला साडेसदतीस तासांची नोकरी धरली तर बारा आठवडे. तुम्ही सहा वर्षं पूर्णवेळ आहात. तास भरण्याचा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. प्रश्न एवढाच की तुमचं काम परिचारिकेचं आहे हे कागदावर दिसतं का. ब्रिटनच्या काउन्सिलचं म्हणणं असं, की नोंदणीकृत परिचारिका म्हणून असलेलं तुमचं ज्ञान, कौशल्य आणि अनुभव ज्या कामात वापरावा लागतो, ते काम धरलं जातं. थेट सेवा असलीच पाहिजे असं नाही. व्यवस्थापन, शिकवणं, धोरण ठरवणं हेही त्यात येतं. तिथे तर नोंदवहीत आपल्यासाठी वेगळा भागही आहे, सामुदायिक सार्वजनिक आरोग्य परिचारिकांचा, आणि त्यात ‘ऑक्युपेशनल हेल्थ’ हे क्षेत्र नावानिशी आहे.

तुम्ही दिवसभर काय करता ते आठवा. नव्या माणसाची रुजू होण्याआधीची तपासणी. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री म्हणजे फुप्फुसांची. रसायनांच्या द्रावणात हात घालणाऱ्यांची त्वचा बघणं. पाठीच्या ऑपरेशननंतर परतलेल्या माणसाला कोणतं काम झेपेल ते ठरवणं. पेंट शॉपमधला माणूस सोमवारपासून खोकतो आणि सुट्टीत बरा होतो, हे ध्यानात येऊन त्याच्या हाती पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजायचं साधन, देणं, दिवसातून किमान चार वेळा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही दिवशी फुंकायला सांगणं. याला नर्सिंग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? १८७८ साली इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या कोलमन कारखान्याने फिलिपा फ्लॉवरडे यांना नेमलं, तेव्हापासून आपली ही शाखा आहे. त्या सकाळी दवाखान्यात डॉक्टरांना मदत करत आणि दुपारनंतर आजारी कामगारांच्या घरी जात. आणि देशभर लागू होणारा परिचारिका नोंदणीचा पहिला कायदा न्यूझीलंडने केला तो १९०१ मध्ये, म्हणजे त्यानंतर. कारखान्यातली नर्स नोंदणीपेक्षाही जुनी आहे, हे मैत्रिणींना जरूर सांगा.

आता ड्रॉवर. एका सुट्टीच्या दिवशी तो टेबलावर पालथा करा. प्रत्येक सर्टिफिकेटचा फोटो काढा, फाइलच्या नावात तारीख घाला, आणि एका तक्त्यात लिहा: तारीख, तास, विषय, कसं शिकलात, एकट्याने की इतरांबरोबर, आणि त्यातलं कामात काय वापरलं. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि तपासणारा नेमका तोच वाचतो. काही सर्टिफिकेटं निरुपयोगी निघतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दरवर्षी सगळ्यांनाच करावं लागणारं आग विझवण्याचं ट्रेनिंग ब्रिटनची परिषद शिक्षणाच्या तासांत धरत नाही, कारण त्याचा तुमच्या व्यवसायाशी थेट संबंध नसतो. इथे आपल्याला मात्र जरा नीट बघावं लागतं. वॉर्डातल्या नर्ससाठी ‘सेफ्टी’चा कोर्स अवांतर असेल, पण तुमच्यासाठी आवाजाचं मोजमाप किंवा आयसोसायनेट या रसायनांचे धोके शिकणं हा कामाचा गाभा आहे. ते धरा, आणि का धरलं तेही एका ओळीत लिहा.

इतरांबरोबर शिकण्याचे तास एकटीने कसे भरायचे, ही आपल्या शाखेतली खरी अडचण आहे. वॉर्डात हँडओव्हरच्या वेळी चार जणी भेटतात. तुमच्याकडे भिंतीवर दृष्टी तपासायचा तक्ता आणि कोपऱ्यात ऑडिओमेट्रीची बूथ. पण माणसं आहेत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात ना? त्यातला अर्धा तास महिन्यातून एकदा केस-चर्चेसाठी मागून घ्या, विषय आधी कळवा, नंतर चार ओळी लिहून ठेवा. कामाच्या जागेतले धोके मोजणारा इंडस्ट्रियल हायजिनिस्ट आवाज मोजायला आला की त्याच्याबरोबर शॉप फ्लोअरवर फिरा, कामगाराच्या कानावर पडणारा आवाज मोजणारा डोसिमीटर खांद्यावर कुठे लावतो आणि का, ते विचारा. आसपासच्या कारखान्यांत तुमच्यासारख्याच एकट्या बसलेल्या सिस्टर असतात. चौघींनी मिळून दोन महिन्यांतून एकदा ऑनलाइन बसा, प्रत्येक वेळी एकीने एक लेख किंवा एक केस मांडायची, हजेरी आणि तारीख लिहायची. तुमच्या परिषदेला आधी मान्यता घेतलेलेच कार्यक्रम चालत असतील, तर मात्र अशा बैठकीचे तास धरले जाणार नाहीत, तेव्हा पहिल्या बैठकीच्या आधी नियम वाचा. तास धरले गेले नाहीत तरी बैठक बंद करू नका, एवढं मात्र मनापासून सांगते. एकटेपणात आपली नजर बोथट होते, आणि ते आपल्याला कळतही नाही.

‘काय लिहू’ या प्रश्नावर जरा थांबते, कारण इथेच चांगल्या चांगल्या नर्स अडतात. त्यांना वाटतं, काहीतरी मोठं घडायला हवं, कुणाचा जीव वाचायला हवा. तसं नाही. ब्रिटनमध्ये असे पाच लेख मागतात, आणि प्रत्येकात पाहिलं जातं ते इतकंच, की काय घडलं, तुम्ही त्यातून काय शिकलात, कामात काय बदललं आणि ते परिषदेच्या आचारसंहितेच्या कोणत्या भागाशी जुळतं.

समजा, प्रेस शॉपमधल्या एकाची वार्षिक ऑडिओमेट्री केलीत आणि दोन्ही कानांत ४००० हर्ट्‌झला आलेख खाली गेलेला दिसला. आवाजाने होणारं नुकसान बहुधा तिथेच आधी दिसतं. तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं, की तो थेट मशिनवरून उठून आलाय. गोंगाटातून आलेल्या माणसाचे कान काही तास तात्पुरते मंदावलेले असतात, म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत पहिल्या, मूळ तपासणीआधी १४ तास कामाच्या गोंगाटापासून दूर राहायला सांगितलंय. तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होण्याआधी बोलावलंत. आलेख जरा सुधारला, पण खाच राहिली. मग त्याच लाइनवरच्या इतरांचे गेल्या वर्षीचे आणि यंदाचे आलेख शेजारी ठेवलेत, तर आणखी तिघांचा तोच कल. तुम्ही शॉप फ्लोअरवर गेलात. सगळ्यांनी इअरमफ, म्हणजे आवाज अडवणारी कानांवरची आवरणं, घातलेले. मग बारकाईने पाहिलंत, तर यंदा दिलेल्या सेफ्टी गॉगलच्या काड्या जाड, आणि त्यांच्यामुळे मफची गादी कानाभोवती नीट बसतच नाहीये. बारीक फट राहते आणि आवाज तिथूनच आत जातो. तुम्ही सेफ्टी ऑफिसरला कळवलंत, नावं न घेता, ‘या लाइनवरच्या गटात असा कल दिसतोय’ एवढंच. गॉगल बदलले, तोवर इअरप्लग दिले. त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवलंत.

एक पान होईल एवढा हा मजकूर आहे. यातलं तुमचं शिकणं कुठे आहे ते शोधा. कदाचित हे, की तपासणीची वेळ शिफ्टच्या आधी ठेवायची. कदाचित हे, की एकेकट्या आलेखापेक्षा लाइनचे आलेख एकत्र बघायचे. किंवा हे, की संरक्षणाची साधनं ‘दिली’ यावर न थांबता अंगावर कशी बसतात ते पाहायचं. एकच पुरे. भाषा साधी ठेवा. ‘मी सखोल चिंतन केले’ असली वाक्यं नकोत, ती वाचून कुणालाच काही कळत नाही.

लिहिताना एक काळजी मात्र घ्या. नाव आणि कर्मचारी क्रमांक गाळला की झालं, असं हॉस्पिटलच्या बाबतीत चालून जातं. तिथे त्या आजाराचे शंभर पेशंट असतात. कारखान्यात ‘क्रेन चालवणारी महिला’ म्हटलं की गेटवरच्या वॉचमनलाही कळतं कोण ते, कारण ती एकच असते. म्हणून विभाग, वय, लिंग, महिना, यातलं जे गोष्टीला लागत नाही ते सगळं काढून टाका. आणि ही फाइल कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. ती तुमची आहे. नोकरी सोडलीत त्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि तीन वर्षांचं लिखाण आत अडकतं.

सहीचं सांगते. ब्रिटनच्या पद्धतीत इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. लिहिलेल्या अनुभवांवर जी चर्चा करायची, ती त्याच परिषदेच्या नोंदवहीतल्या व्यक्तीशीच करावी लागते. म्हणजे तिथे तुमचा एचआरचा साहेब चालणार नाही, आणि डॉक्टरही चालणार नाहीत. पण सगळ्या अटी पूर्ण झाल्यात याची खातरजमा करून सही देणारा माणूस तुमचा वरिष्ठ असू शकतो, तो नर्स नसला तरी. त्याने तुमची फाइल बघायची, कामगारांच्या फायली नाहीत. तुमच्या परिषदेत या कागदाचं नाव वेगळं असेल किंवा मालकाचा नुसता अनुभवाचा दाखला लागत असेल. दाखल्यात ‘कर्मचारी’ असं मोघम न लिहिता ‘नोंदणीकृत परिचारिका म्हणून’ हे शब्द आणि कामाचं स्वरूप आलंच पाहिजे, एवढा आग्रह धरा. मजकूर तुम्हीच तयार करून द्या, एचआरला ते सोपं जातं आणि चुकाही टळतात. चर्चेसाठी दुसऱ्या कारखान्यातली सिस्टर उत्तम. तिच्यासाठी तुम्ही बसा, तुमच्यासाठी ती बसेल.

ऑडिओमेट्री किंवा स्पायरोमेट्रीच्या सर्टिफिकेटची मुदत वेगळी असते आणि नोंदणीची वेगळी. एक ताजं आहे म्हणून दुसरं आपोआप ताजं होत नाही. अमेरिकेत ऑक्युपेशनल हेल्थ नर्सेसना मिळणारं ‘सीओएचएन’ हे प्रमाणपत्रही ऐच्छिक आहे, नर्सचं लायसन्स तिथे राज्याच्या बोर्डाकडूनच येतं. तुमच्या तक्त्यात या सगळ्या तारखा एकाखाली एक लिहा. विम्याचंही तिथेच लिहून टाका. व्यावसायिक चुकीसाठीचं संरक्षण कंपनीच्या पॉलिसीत तुमच्या कामाला धरून आहे का, हे लेखी विचारा. दोन-तीन कंपन्यांत थोडे थोडे तास काम करत असाल, तर एकीची पॉलिसी दुसरीकडे लागू होत नाही.

नोंदणी बंद पडते ती बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. परिषदेकडे जुन्या नोकरीचा ईमेल असतो. घर बदललेलं असतं. लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. काही ठिकाणी तीन वर्षांच्या नूतनीकरणाखेरीज दरवर्षीचं शुल्कही असतं, आणि बँकेचं कार्ड बदलल्यामुळे ते जात नाही. त्यामुळे आज हे पत्र वाचून झालं की पहिलं काम हे करा: परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधा, मुदतीची तारीख डोळ्यांनी बघा, ईमेल आणि पत्ता खासगी करा. एचआर आठवण करील यावर विसंबू नका. मुदत संपण्याआधी किती दिवस अर्ज उघडतो तेही बघून ठेवा. ब्रिटनमध्ये ६० दिवस आधी उघडतो. सात महिने हातात आहेत, म्हणजे लिखाण आणि चर्चा आधीच्या पाच महिन्यांत उरकता येईल.

आणि कधी तारीख निघून गेलीच, तर त्या दिवसापासून नर्स म्हणून काम थांबवा, वरिष्ठांना लेखी कळवा, आणि परिषदेला फोन करा. ‘होईल दोन दिवसांत’ म्हणून इंजेक्शनं आणि तपासण्या चालू ठेवायच्या नाहीत. मधले दिवस मागाहून भरून मिळतील असं धरून चालू नका.

आता त्या नव्या पदाचं. पगार जास्त आहे आणि तुम्हाला बदल हवा असेल, तर नाही म्हणायची गरज नाही. एचआरला लिहा, की पद स्वीकारायला मी तयार आहे, पण कामाच्या वर्णनात तीन गोष्टी हव्यात. या पदावर नोंदणीकृत परिचारिका असेल. आरोग्याच्या फायली फक्त तिच्या आणि डॉक्टरांच्या ताब्यात राहतील. नोंदणीसाठी लागणाऱ्या शिक्षणाला कामाच्या वेळातले ठरावीक तास मिळतील. पहिल्या दोन गोष्टींवर अडून राहा. तिसऱ्यावर थोडी घासाघीस करावी लागली तरी चालेल. पहिली नाकारली, तर सध्याचंच पद ठेवा, आणि हा नकार त्यांच्याकडून ईमेलवर घ्या.